अल्बममधलं ढेरपोट्या नाकाचं हेलिकॉप्टर कुठलं?

आजोबा ७१च्या बांगलादेश युद्धात ईशान्येकडे हेलिकॉप्टर पायलट होते, अल्बममध्ये तंबूसमोर दाढी करणारी मंडळी, मगमधला चहा आणि मागे ढेरपोट्या नाकाचं एक हेलिकॉप्टर, विचारलं की नुसतं "मेघना" म्हणायचे आणि गप्प. कोणाला काही अंदाज?

भटकभवानी: एमआय-४ असणार! इंजिन नाकात आणि पायलट त्याच्या वर बसायचे. बांगलादेशातल्या मेघना नदीवरचा आशुगंजचा पूल पाकिस्तान्यांनी उडवला ना, मग ९ डिसेंबरपासून याच हेलिकॉप्टरांनी जवान मेघनेपलीकडे रायपुराला नेले. जनरल सगतसिंग आणि ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांची डोकॅलिटी.

चहाबाज: त्याआधी ७ तारखेला सिल्हेटला गुरखे उतरवले ते विसरू नका. रात्री टॉर्चच्या उजेडात लँडिंग म्हणजे खायचं काम नाही राव. फोटोंच्या मागे काही लिहिलंय का बघ, आमच्या मामांच्या फोटोंमागे पेन्सिलीने तारखा होत्या आणि आम्ही शहाण्यांनी फ्रेम करताना फेविकॉल फासला.

मूळ धागाकर्ता: आत्ताच बघितलं. हेलिकॉप्टरवाल्यामागे कोरं, चहावाल्यामागे "भात परत कच्चा" 😄