पैदाशीला सशाची कुठली पिल्लं ठेवायची, कुठली मटणाला काढायची?

विटा_ससेपालन
नमस्कार मंडळी. माझ्याकडे न्यूझीलंड व्हाइट जातीच्या सशाच्या 6 माद्या आणि सोव्हिएत चिंचिला जातीचा 1 नर आहे. पाच वेतांची मिळून 29 पिल्लं 10 आठवड्यांची झालीत. त्यातून 4 माद्या आणि 1 नर ठेवायचाय. सरळ वजनदार 5 उचलावीत का? सगळ्यात मोठा नर 1 किलो 750 ग्रॅम भरला, तो 3 पिल्लांच्या वेतातला आहे. सहाव्या मादीने पहिलंच वेत पिंजऱ्याच्या जाळीवर टाकलं, सगळी पिल्लं गेली. ती काढू का? शिवाय एप्रिलच्या मध्यापासून नर लावला तरी माद्या उलटताहेत, गाभण राहत नाहीत.

कोरेगावकर
नुसत्या वजनावर उचलू नका दादा. तिघांच्या वेतात सगळं दूध तिघांनाच मिळतं, पिल्लू मोठं होणारच. 8 च्या वेतातलं प्रत्येक पिल्लू 1 किलो 550 भरलं तरी त्या मादीने एकूण 12 किलो 400 ग्रॅम माल दिला. तुमच्या तिघांचा मिळून सव्वापाच किलोही होत नाही. पिंजरा आणि मादीची पेंड दोन्हीकडे तेवढीच लागली. म्हणून आधी वेत निवडा, मग त्या वेतातलं चांगलं पिल्लू.

पुढच्या वेतापासून 21 व्या दिवशी अख्खं वेत एकत्र वजन करा. तोवर पिल्लं जवळजवळ दुधावरच असतात, त्यामुळे आईचं दूध किती ते तिथेच कळतं. दुसऱ्या मादीखाली पिल्लं लावली असतील तर कानात खूण करून वहीत लिहा, नाहीतर दूध एकीचं आणि नाव दुसरीचं होतं.

आणि मुख्य गोष्ट: सगळ्या 29 जणांचा बाप एकच आहे. त्यातला नर ठेवलात तर तो बहिणींनाच लागणार. नर दुसऱ्या फार्मवरून आणा, महिनाभर वेगळा ठेवा, मग शेडमध्ये घ्या.

कृष्णाकाठ
वजनाआधी हात लावून तपासा. ससा उताणा धरून ओठ बाजूला करा: वरचे पुढचे दात खालच्यांच्या किंचित पुढे हवेत. समोरासमोर टेकत असतील तर झिजत नाहीत, वाढत राहतात. जाळी चावून वाकलेले नसतील तर हा दोष बहुधा रक्तातला, तो ससा मटणालाच. मग पुढच्या पंजांची आतली बाजू बघा. तिथे केस चिकटून गठ्ठे झाले असतील तर ससा वाहतं नाक पुसतोय, भले आत्ता नाक कोरडं दिसो. असला ससा शेडमध्ये ठेवू नका, सगळ्यांना लागण होते. मागच्या तळव्यावर केस दाट हवेत. विरळ असतील तर जाळीवर जखमा होतात आणि मादी पिल्लांना पाजायला नीट बसत नाही. मादीचे सड बोटाने मोजा, 8 हवेत, एकही आंधळा, म्हणजे दूध न येणारा, नको.

4 हव्यात म्हणून 4 च ठेवू नका, 7 ठेवा. वय 5 महिन्यांच्या पुढे गेलं आणि वजन अडीच किलोच्या आसपास आलं की नर लावा आणि शेवटची निवड तेव्हा करा. बाकीची 12 आठवड्यांपर्यंत विका, पुढे पेंड जास्त जाते आणि वजन त्या मानाने वाढत नाही. खरजेचं इंजेक्शन झालेला ससा मात्र लगेच विकू नका, किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारा.

जत_आटपाडी
नराला आत्ता बाद ठरवू नका. 30 अंशांच्या वर सलग दिवस गेले की नराचं वीर्य बिघडतं, आणि ऊन उतरल्यावर सुधारायला साधारण दोन महिने लागतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेनंतर तो ऑगस्टच्या आतबाहेर मार्गावर येतो. शेडवर पाचट टाका, बाजूंना ओली पोती लावा. नर लावल्यावर 12 ते 14 व्या दिवशी पोट चाचपून बघा, आत द्राक्षाएवढ्या गाठी लागतात. सप्टेंबरमध्येही सगळ्या माद्या रिकाम्या निघाल्या तर नर काढा. एकच रिकामी राहिली तर दोष मादीत.

जाळीवर व्यालेल्या मादीला व्यायची पेटी कधी दिली होती?

विटा_ससेपालन
नर लावल्यापासून 30 व्या दिवशी सकाळी ठेवली. ती आदल्या रात्रीच व्याली होती.

जत_आटपाडी
मग तिचा दोष धरू नका. 28 व्या दिवशी पेटी द्या, तळाला लाकडाचा भुसा आणि वर वाळलेलं मऊ गवत. पेटी असूनही तिने पिल्लांच्या अंथरुणासाठी स्वतःचे केस उपटले नाहीत किंवा पुन्हा बाहेर व्याली, तर तिसऱ्यांदा लावू नका.