टर्बो इंजिनात ताकद वाढवायची तर कॅम बदलावाच लागतो? मला अजिबात पटत नाही

घाटातला_टर्बो (पुणे)
काल एका स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसच्या फोटोखाली एका सभासदानं ठोकून दिलंय की "३५० हॉर्सपॉवरच्या पुढं जायचं असेल तर आधी कॅम बदला, स्टॉक कॅमवर बूस्ट चढवणं म्हणजे इंजिनाचा खून." आणि खाली पोरं "बरोबर दादा" करत बसलीत, एक जण तर म्हणतो कॅमसाठी पैसे साठवतोय. हे वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. नवख्यांसाठी: कॅम म्हणजे इंजिनाचे वॉल (व्हॉल्व्ह) उघडणारा दांडा, स्टॉक म्हणजे कंपनीनं दिलेला, टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या वायूवर फिरून हवा आत ढकलणारा पंप आणि बूस्ट म्हणजे त्या हवेचा दाब.

माझी २०१७ ची व्हीआरएस, २३० वाली. तिचा आयएस२० टर्बो काढून मोठा आयएस३८ बसवला, इंटरकूलर, डाउनपाइप, फ्युएल पंप आणि मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग). हेडला, म्हणजे कॅम आणि वॉल असलेल्या वरच्या भागाला, हात लावलेला नाही. ३७० च्या आसपास आहे आणि तीन पावसाळे काढलेत. कॅमचं काम किती वेळ आणि किती उंच वॉल उघडायचा एवढंच. नॅचरल (बिनटर्बो) इंजिनात हवा आपोआप यायची म्हणून लांब ड्युरेशन लागतं, म्हणजे वॉल जास्त वेळ उघडा, इथं हवा ढकलायला टर्बो बसलाय. आणि या इंजिनात दोन्ही कॅमला फेझर (वॉलची वेळ मागंपुढं करणारे) आहेत, एक्झॉस्टला दोन टप्प्यांची लिफ्ट आहे, म्हणजे टायमिंगचं बरंचसं काम मॅपमध्येच होतं. मग कॅमवर लाखभर का घालायचे?

रेडलाइन_राजे (नाशिक)
ती पोस्ट माझी आहे, त्यामुळं उत्तर देणं भाग आहे. खून हा शब्द जास्त झाला, मान्य. पण तुम्ही ३७० वर थांबलात म्हणून कॅम लागला नाही. ५०० ला या, मग बोलू. स्टॉक कॅमवर ६००० आरपीएमच्या पुढं गाडी दम तोडते आणि मग लोक काय करतात, अजून बूस्ट. गेजवर बूस्ट जास्त दिसला म्हणजे हवा आत जातेय असं नाही ना, तो दाब हवा अडल्याचाही असतो! वॉल लवकर बंद होतोय आणि तुम्ही मागून रेटताय, हवा गरम होते, नॉक येतो (पेट्रोल आपोआप अवेळी पेटतं), स्पार्कचं टायमिंग मागं घ्यावं लागतं, हातात काय उरलं?

टेक्सासचा_पाहुणा
दोघांच्या मधे बोलतो. माझ्याकडं जेझेडए८० टोयोटा सुप्रा आहे, टूजेझेड जीटीई इंजिन, सिंगल टर्बो. इकडं स्टॉक कॅमवर ७०० च्या वर काढलेली टूजेझेड काही नवलाची नाहीत, त्यामुळं "लागतोच" हे खोटं. पण मी स्वतः २६४ अंश ड्युरेशनचे कॅम टाकले, बाकी काही न बदलता, तोच २४ पीएसआय बूस्ट, तोच डायनो (ताकद मोजायचं मशीन). चाकाला ५९० चे ६४० झाले. ताकदीचा पीक ६३०० आरपीएमवर होता तो ७००० वर गेला. आणि पूर्ण बूस्ट ४१०० ला यायचा तो ४४०० ला यायला लागला. हायवेला मजा, सिग्नलवरून निघताना रोज जाणवतं. म्हणजे कॅमनं ताकद दिली पण वरच्या मजल्यावर दिली, तळमजल्याचं भाडं घेऊन.

रेडलाइन_राजे
म्हणजे माझंच म्हणणं झालं की! त्याच बूस्टवर ५० जास्त. धन्यवाद.

घाटातला_टर्बो
नाही झालं. त्यांचा टर्बो मोठा, टर्बाइन (एक्झॉस्टनं फिरणारं टर्बोचं चाक) मोकळी. आयएस३८ ची टर्बाइन वर गुदमरते, एक्झॉस्टमधला दाब इनटेकच्या कितीतरी वर जातो. तिथं ओव्हरलॅपवाला कॅम टाकलात तर इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही वॉल एकदम उघडे असताना जळका वायू उलटा सिलिंडरमध्ये शिरणार. खालच्या आरपीएमला बूस्ट बॅकप्रेशरपेक्षा, म्हणजे एक्झॉस्टमधल्या दाबापेक्षा, जास्त असतो तेव्हा ओव्हरलॅपचा फायदा होतो, सिलिंडर धुऊन निघतो, म्हणून तर कंपनी फेझरनं तेवढ्यापुरताच ओव्हरलॅप देते. आधी टर्बो बघा मग कॅम बोला.

उद्यमनगरकर (कोल्हापूर)
ह्या सगळ्यात पेट्रोलचं कुणी बोलंना. कॅम ऱ्हाऊ द्या, पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल घातलेलं पेट्रोल) शिवाय काय मिळंना. माझ्या जुन्या होंडा सिटी व्हीटेकला टर्बो बसवलाय, त्याच्या रबरी नळ्या मऊ पडून सुटायला लागल्या. दोनदा टाकी उतरवली. तुमच्या कॅमच्या गप्पा ज्याच्या टाकीत चांगलं तेल हाय त्यानं माराव्यात.

रेडलाइन_राजे
शंभर टक्के. मायलेज पडलं, बाकी काही नाही मिळालं.

टेक्सासचा_पाहुणा
अहो, इथं आम्ही मुद्दाम ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल) शोधत हिंडतो! इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, आणि वाफ होताना हवा थंड करतं, टर्बोला याच्यापेक्षा चांगलं तेल नाही. फक्त लिटरमागं ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश, म्हणून इंजेक्टर मोठे लागतात.

उद्यमनगरकर
तुम्ही शोधता म्हंजे तुमच्या मर्जीनं भरता. आम्हाला विचारलं कुणी? २०३० चं टार्गेट २०२५ ला आणलं, जुन्या गाड्यांचं काय ते सांगितलं न्हाई.

शिरोळचा_ऊस
जरा थांबा. आमच्या घरात ऊस आहे, म्हणून बोलतो. उसापासूनच्या इथेनॉलचे पैसे साखर कारखान्याला लवकर मिळतात, साखर गोदामात पडून राहिली की आमचं बिल लटकतं. वडलांनी बिलासाठी कारखान्याच्या दारात घालवलेले दिवस मी बघितलेत. नळी बदलायला किती लागतात? काही हजार? आणि टर्बो बसवायला पैसे होते ना?

उद्यमनगरकर
माझ्या पैशाचा हिशोब तुला कुणी मागितला रं? मी पण शेतकऱ्याच्याच घरातला हाय. उसाला दर मिळावाच, पण साधं पेट्रोल पण पंपावर ठेवा एवढंच म्हणतोय. दोन नळ्या, दोन नोझल. ह्यात शेतकऱ्याच्या विरोधात काय हाय?

शिरोळचा_ऊस
दोन नोझलला माझाही विरोध नाही. पण "मिळालं काहीच नाही" हे वाक्य ऐकून घेणार नाही. मिळालंय, आमच्याकडं मिळालंय.

सोलापूरकर_ग्राइंडर
मालक, कॅमवर येऊ या का? पंचवीस वर्षं कॅमशाफ्टच्या ग्राइंडिंगवर काढली. आमच्या सोलापुरातून प्रिसिजन कंपनीचे कॅम जगभरच्या गाड्यांत जातात, त्यामुळं हा विषय आमच्या घरचा आहे. पोरं नवा कॅम परवडत नाही म्हणून स्टॉक कॅम रीग्राइंड करून (घासून आकार बदलून) आणतात, त्यांच्यासाठी लिहितो. चिल्ड कास्टचा लोब (वॉल ढकलणारा कॅमचा उंचवटा) ओतताना साच्यात लोखंडी चिल ठेवतात, त्यानं बाहेरचा थर पटकन थंड होऊन पांढरा, कडक बनतो. आतलं लोखंड करडं, मऊ. रीग्राइंडमध्ये लोबचं टोक वाढवता येत नाही, म्हणून बेस सर्कल, म्हणजे लोबचा गोल पाया, घासून लहान करतात. जास्त घासलं की कडक थर पातळ होतो, कधी संपतो. असा एक लोब माझ्याकडं आणला होता, दोन महिने चाललेला. टोक नखानं चाचपलं तर खळगे लागत होते, आणि तेलाच्या फिल्टरमध्ये चांदीसारखा चुरा.

आणि दुसरं, कॅमच्या आधी वॉल बंद ठेवणारी स्प्रिंग बघा. ३४ मिलिमीटरचा इनटेक वॉल धरा, मागून १.७ बार बूस्ट, म्हणजे वॉलच्या पाठीवर साधारण १५ किलो रेटा. स्प्रिंग बसल्या जागी धरून ठेवते तीच किती? कमकुवत स्प्रिंगवर वॉल सीटवर नीट बसत नाही, वर दम तुटतो आणि माणूस म्हणतो कॅम छोटा पडला.

रेडलाइन_राजे
काका, हे मी कधी धरलंच नव्हतं. माझ्या गाडीत कॅम आणि स्प्रिंग एकदमच टाकले होते. म्हणजे फरक कशानं पडला हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण ५०० च्या पुढं, ७००० च्या वर फिरवायचं असेल तर कॅम लागतो, हे मी सोडणार नाही.

घाटातला_टर्बो
७००० च्या वर, मोठी टर्बाइन, स्प्रिंग आधी, आणि खालचा स्पूल (लवकर येणारा बूस्ट) गेला तरी चालणार असेल तर, ठीक आहे, लागतो. पण हे सगळं तुमच्या पोस्टमध्ये लिहा की, त्या पोरानं पैसे साठवायला घेतलेत.

रेडलाइन_राजे
लिहितो. तुम्ही पण बॅकप्रेशर मोजून आकडा टाका, "कितीतरी वर" हा काय आकडा आहे?

घाटातला_टर्बो
मोजतो. टर्बाइन हाउसिंगला इनलेटच्या बाजूनं भोक पाडून टॅप मारावा लागेल. काका, गाडीवरच मारू का?

सोलापूरकर_ग्राइंडर
अजिबात नाही. टर्बो उतरवा, बिडाचा एक कण जरी टर्बाइनच्या पात्यात गेला तरी संपलं. आणि सेन्सर थेट लावू नका, मधे मीटरभर तांब्याची नळी गुंडाळून द्या, नाहीतर पहिल्याच रनला जळेल.