रायझन ३६०० थकला: एएम४ वरच नवा प्रोसेसर की सरळ एएम५?

धागाकर्ता: बी४५० बोर्ड (एएमडीच्या जुन्या एएम४ सॉकेटचा; एएम५ हा नवा सॉकेट), प्रोसेसर रायझन ५ ३६००, ८-८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅमच्या कांड्या, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६० टीआय, मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ. काउंटर-स्ट्राइक २ गेममध्ये स्मोक ग्रेनेडचा धूर पडला की झटके. खर्च कुठे करावा?

रॅमभाऊ: आधी दोष प्रोसेसरचाच आहे का ते बघा. रिझोल्यूशन ७२०पी करा. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर दमलाय, टुणकन वर गेले तर कार्ड. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ४०% दिसतो म्हणून फसू नका, त्यात एखादाच कोअर तुडुंब भरलेला असतो. बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम छापील वेगाने चालवायचा पर्याय, बंद असेल तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वरच रांगते. ते चालू करायला दमडी लागत नाही.

दोष प्रोसेसरचाच निघाला तर एएम४ वरच बसणारा रायझन ७ ५७००एक्स३डी. ३६०० मध्ये एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ एमबी, तीही १६-१६ अशी वाटलेली. एक्स३डीत आठही कोअरना सामाईक ९६. कमाल वेग ४.२ ऐवजी ४.१ गिगाहर्ट्झ, तरी गेममध्ये हाच पुढे.

पिनमोड्या: आणि नवा सीलबंद मिळणार कुठे? मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात जुना मिळेल, पण एएम४ च्या १३३१ पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात. भिंगाने रांगन् रांग तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. त्यापेक्षा एएम५ वर रायझन ५ ७६०० घ्या, पुढे त्याच बोर्डावर एक्स३डी चढवा. बी४५० म्हणजे पीसीआयई ३.० वर, म्हणजे कार्ड जोडायच्या जुन्या, हळू मार्गावर, अडकून राहणं.

रॅमभाऊ: ३०६० टीआय त्या मार्गाच्या सोळा लेन वापरतं, त्याला ३.० मध्ये जाणवण्याइतका तोटा नाही. आठ लेनचं आरएक्स ६६०० असतं तर बोललो असतो. ७६०० गेममध्ये साधारण ५८००एक्स३डीच्या आसपास. तेवढ्यासाठी बोर्ड, रॅम, प्रोसेसर तिन्ही घ्यायचे? २०२५ अखेरीस एएम५ ला लागणाऱ्या डीडीआर५ रॅमचे भाव कुठे गेले ते पाहिलंत ना? एक्स३डी नाहीच मिळाला तर ५७००एक्स. ६५ वॅटचा आहे, ३६०० सोबतचा कूलर चालून जातो. पंखा बोंबलेल, एवढंच. एक्स३डीला मात्र टॉवर (उंच, मोठा) कूलर हवाच.

थर्मलपेस्ट: काहीही घ्या, बदलताना क्रम चुकवू नका. आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) तात्पुरता थांबवून रिकव्हरी की कागदावर उतरवा. मग बायॉस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करा, तेही यूपीएसवर. प्रोसेसर बदलण्याआधी बिटलॉकर पुन्हा थांबलाय ना ते बघा, कारण नवा प्रोसेसर दिसताच बोर्ड एफटीपीएम (त्या कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा भाग) रीसेट करायचा का विचारतो आणि लोक घाईत वाय दाबतात. कूलर काढण्याआधी दहा मिनिटं गेम चालवा, म्हणजे पेस्ट मऊ होते. मशीन बंद करून वायर काढा आणि कूलर डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. सरळ वर ओढलात तर लिव्हर लावलेला असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो, वाकड्या पिनांसकट.

पिनमोड्या: म्हणूनच एएम५ म्हणतो, तिथे पिना बोर्डावर.

थर्मलपेस्ट: त्या वाकल्या तर बोर्ड गेला. शिवाय एएम५ चं पहिलं बूट मेमरी ट्रेनिंगमध्ये (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्यात) काही मिनिटं काळा पडदाच दाखवतं, अन् माणसं घाबरून मधेच वीज तोडतात. टॉवर कूलर एएम४ चाच वापरायचा तर तो बोर्डाच्या मूळ बॅकप्लेटवर (बोर्डामागच्या, कूलरचे स्क्रू धरणाऱ्या पट्टीवर) बसतो का बघा. एएम५ ची बॅकप्लेट निघत नाही.

रॅमभाऊ: धागाकर्ते, ७२०पी ला आकडा किती आला?