बाळंतपण ठरल्यासारखं झालं नाही, तर बाईचं मन कसं सावरायचं?

प्रसूतीवर्ग:
गरोदर बायकांचे तयारीचे वर्ग घेते. श्वास, कळांमध्ये कसं बसायचं-उभं राहायचं, सोबत कोण हवं, सगळं शिकवून होतं. पण ऐनवेळी सिझर झालं, बाळ बाहेर काढायला चिमटा (फोर्सेप्स) लावावा लागला किंवा बाळ एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात गेलं, की तीच बाई ‘मी कमी पडले’ म्हणत घरी जाते. तिला ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणून काही होत नाही. आधी काय शिकवावं आणि नंतर नेमकं काय करावं?

लेबररूम_सिस्टर:
एकच योजना लिहून घेऊ नका, तीन घ्या: कळा येऊन बाळंतपण, सिझर, आणि बाळ वेगळं ठेवावं लागलं तर. तिन्हींखाली तेच चार प्रश्न. सोबत कोण? काय चाललंय ते मला कोण सांगणार? बाळ छातीशी कधी आणि कसं? पहिला चीक, म्हणजे सुरुवातीचं घट्ट दूध, बाळापर्यंत कसा पोचणार? वाट बदलली तरी या चार गोष्टींपैकी दोन-तीन तिच्या हातात राहतात. सगळंच हातातून गेलं असं मग वाटत नाही.

कारणंही आधीच शिकवा, सिझर हा शब्द टाळून उपयोग नाही. कळा जोरात असूनही गर्भपिशवीचं तोंड तासन्‌तास पुढे उघडत नाही. बाळाचे ठोके उतरतात आणि कूस बदलून, सलाइन देऊन, कळांचं औषध थांबवूनही सावरत नाहीत. बाळाच्या आधी नाळ खाली येते. वार (प्लासेंटा) पिशवीच्या तोंडावर असते. यातलं काहीही श्वास नीट घेतला नाही म्हणून होत नाही, आणि हे बाईला कळांच्या आधी माहीत असलं पाहिजे.

तीन प्रश्न तोंडपाठ करून घ्या: घाई किती आहे? दुसरा मार्ग आहे का? थोडं थांबलं तर काय होईल? पहिल्याचं उत्तर ‘आत्ताच’ आलं, तर उरलेले दोन नंतर विचारायचे, पण विचारायचेच. नाळ खाली आली की मिनिटांचा प्रश्न असतो, समजावून सांगायला कोणी थांबत नाही. अशा बाईच्या मनात ऑपरेशनपेक्षा ती न सांगता झालेली पळापळच जास्त घर करून राहते.

भूलतज्ज्ञ:
थिएटरबद्दल वर्गात जवळजवळ कोणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर. मणक्यातून भूल दिली की वेदना जाते, पण ओढल्यासारखं, दाबल्यासारखं जाणवतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर बाईला वाटतं भूल लागलीच नाही, आणि ती घाबरते. अंग थरथरणं नेहमीचं आहे. मळमळ बहुतेकदा रक्तदाब उतरल्यामुळे होते, तेव्हा लगेच सांगावं, औषधाने मिनिटा-दोन मिनिटांत बरं वाटतं. बाळ साधारण पहिल्या दहा मिनिटांत बाहेर येतं, टाके घालायला मात्र अर्धा-पाऊण तास लागतो. बाळ आणि आई दोघंही ठीक असतील तर तेवढा वेळ बाळ छातीवर ठेवता येतं. त्यासाठी दोन गोष्टी आधी मागून ठेवा: ईसीजीच्या पट्ट्या छातीच्या मध्यावर न लावता बाजूला लावाव्यात, आणि सलाइनची सुई ज्या हाताने ती कमी काम करते त्या हाताला.

पूर्ण भूल दिली तर तिला काहीच आठवणार नाही, ती पोकळी फार सलते. सोबतच्या माणसाने जन्माची वेळ, वजन, बाळाला आधी कोणी घेतलं, ते कधी रडलं, हे लिहून ठेवावं. फोटो काढावा. तोवर बाळ वडिलांच्या उघड्या छातीवर ठेवता येतं.

स्तनपान_सल्लागार:
‘दूध येत नाही’ ही सिझरनंतरची दुसरी मोठी टोचणी. वार सुटली की दूध येण्याची क्रिया सुरू होते, मग बाळंतपण कोणत्याही वाटेने झालेलं असो. सिझरनंतर पान्हा एखादा दिवस उशिरा भरू शकतो, एवढंच. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभर चीक पुरतो.

बाळ एनआयसीयूत असेल तर शक्यतो पहिल्या सहा तासांत हाताने चीक काढायला सुरुवात करा. दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा, त्यातलं एकदा रात्री. अंगठा आणि बोटं बोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवायची, छातीकडे दाबायचं, मग दोन्ही बाजूंनी चेपायचं, सोडायचं. बोटं कातडीवर घासायची नाहीत. थेंब सुई काढलेल्या छोट्या सिरिंजमध्ये गोळा करा.

टाक्यांवर भार नको म्हणून कुशीवर झोपून पाजा, किंवा बाळाचे पाय काखेखालून मागे जातील असं धरा. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनी दिलेल्या वेळेवर घ्या, दुखेपर्यंत थांबू नका. दुखण्यात पान्हा सहज सुटत नाही.

प्रसूतीवर्ग:
खूप उपयोगी. एक राहिलं: रडणं कुठवर नेहमीचं मानायचं? आणि घरचे ‘बाळ सुखरूप आहे ना, मग झालं तर’ म्हणतात, त्यांना काय सांगायचं?

समुपदेशक:
त्यांना सांगा, हे वाक्य आधी म्हणू नका. बाळ सुखरूप असल्याचा आनंद आणि जे झालं त्याचं दुःख एकाच वेळी असू शकतं. त्याऐवजी विचारा, ‘तुला त्यातलं काय आठवतं?’ आणि मधे न बोलता ऐका. तिला बोलायचं नसेल तर मात्र खोदू नका. रात्री सलग चार-पाच तास झोप मिळेल अशी पाळी लावणं, हे कुठल्याही धीराच्या शब्दांपेक्षा जास्त कामाचं.

तिसऱ्या-पाचव्या दिवशी उगाच रडू येणं, चिडचिड, हे बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, बाळ झोपलेलं असतानाही झोप येईना, कशातच मन लागेना, तर डॉक्टरकडे न्या. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची दहा प्रश्नांची एडिंबरा प्रश्नावली गेल्या सात दिवसांबद्दल विचारते, ती भरून घेता येते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ सोडून दुसरं काहीही आलं, तर एकूण गुण न पाहता त्याच दिवशी दाखवायचं. भास होणं किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येणं, हेही तातडीचं.

प्रसंग डोळ्यांसमोर पुन्हा पुन्हा येणं, दवाखान्याच्या वासानेही धडधडणं, आणि हे महिन्यापुढे चालणं, हे वेगळं दुखणं आहे. त्यावर वेगळे उपचार आहेत, ‘विसरून जा’ हा उपचार नाही.

लेबररूम_सिस्टर:
टाके दाखवायला जाल तेव्हा प्रश्न कागदावर लिहून न्या आणि ऑपरेशनच्या नोंदींची प्रत मागा. सिझर कशासाठी केलं, तोंड किती उघडलं होतं, पिशवीवरचा छेद आडवा की उभा, हे त्यात हवं. पोटावरच्या व्रणावरून पिशवीवरचा छेद कळत नाही. पुढच्या वेळी नॉर्मल होईल का, हे बरंचसं त्यावर ठरतं. एकाच सिझरचा खालचा आडवा छेद असेल आणि दुसरी अडचण नसेल, तर प्रयत्न करणाऱ्या चारपैकी सुमारे तीन जणींचं नॉर्मल होतं. जुना व्रण फाटण्याचा धोका दोनशेत एकीच्या आसपास असतो, म्हणून ते लगेच सिझर करता येईल अशाच ठिकाणी करायचं.