जमैकाच्या पाहुण्या इंदूरला येताहेत, काय खाऊ घालू?

रामबागकर: मुलगा लंडनला ब्रिक्स्टनमध्ये राहतो. घरमालकीणबाई मूळच्या जमैकाच्या, लहानपणी आईवडिलांबरोबर लंडनला गेलेल्या. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस साधं 'गुड मॉर्निंग'ही म्हणत नाही, हे त्यांना अजून खुपतं. मुलगा तापानं फणफणला होता तेव्हा त्यांनीच आल्याचा काढा करून उशाशी आणून ठेवला. डिसेंबरात त्या आमच्याकडे येताहेत. मला त्यांचं मनापासून करायचंय. काय करू?

माळव्याची_सून: ताई, बोकडाचं मटण करा, बिनधास्त! १८४५ पासून आपल्या देशातले मजूर करारावर जमैकाला गेले. बोकडाची करी नि रोटी तिथे रुजली ती त्यांच्यामुळेच. आता तर लग्नकार्यातही करी हवीच. आणि तिखट कमी करू नका हं, स्कॉच बॉनेट मिरची खाणारी माणसं ती!

जुनी_इंदूर: माठाची भाजी लसणाच्या फोडणीची. तिकडे तीच पालेभाजी खारवलेल्या माशाबरोबर नाश्त्याला खातात. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत न्या, भुट्ट्याचा कीस खायला.

रामबागकर: आमच्या घरात मटण शिजत नाही, पण शेजारच्या वहिनी करून देतील. माठ मी स्वतः निवडून करते. सराफा पक्का!