संपातली कॅसेट वाजवायची आहे – मदत हवी

नमस्कार मंडळी. माळा आवरताना एक ऑडिओ कॅसेट सापडली. १९८२ च्या गिरणी संपात आम्ही चौघं लालबाग-परळच्या चाळींमधून पथनाट्यं करायचो, त्यातली गाणी आहेत. १८ जानेवारीला संप सुरू झाला तेव्हा आम्ही कॉलेजात. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंतांच्या सभेहून परतताना वाटायचं, महिन्याभरात जिंकतोय. (हसू नका.) तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला.

डफवाला मित्र वडिलांचं काम गेल्यावर कणकवलीकडे गेला. दुसरा जागांचे व्यवहार करू लागला, म्हणून मी त्याच्याशी बोलणंच टाकलं. आता फिनिक्स मिलच्या जागच्या मॉलमध्ये नातवाला आइस्क्रीम खायला नेतो, तेव्हा त्या अबोल्याची लाज वाटते. आणि चौथी... कॅसेटवर आवाज तिचा आहे. एवढंच लिहितो, सौ. हा ग्रुप वाचते.

फितीवर पांढरी बुरशी आहे, एके ठिकाणी ती तुटलीही आहे. दादर, परळ किंवा ठाण्यात फीत साफ करून, जोडून डिजिटल करून देणारा खात्रीचा माणूस कुणाला माहीत आहे का? कुरियरने पाठवणार नाही, समोर बसून करून घेईन. साधारण खर्च किती? तोवर घरच्या टेपवर लावून बघू, की बुरशीने हेडही खराब होईल?

आणि जागावाल्याला इतक्या वर्षांनी फोन करायचा तर सुरुवात काय करू?