दर 15 मिनिटांनी रीडिंग: बोर्ड सस्पेंड करायचा की पूर्ण बंद?

बागेतला_नोड: नमस्कार मंडळी. नाशिककडे द्राक्षबागेत सोलरवर हवामान नोड बसवलाय. आय.एमएक्स6 यूएलएल चिपचा छोटा लिनक्स बोर्ड, त्यावर यॉक्टोने (अशा बोर्डांसाठी लिनक्स तयार करणारं साधन) बनवलेली इमेज. पानाचा ओलावा, आर्द्रता, तापमान दर 15 मिनिटांनी घेतो. ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून आलं की बॅटरी बसते, आणि डाऊनीचा (द्राक्षावरचा बुरशीसारखा रोग) धोका नेमका तेव्हाच! बूटला 40 सेकंद लागतात, त्यात सरासरी 1.2 वॉट. सस्पेंडमध्ये (बंद न करता नुसता झोपवला तर) 30 मिलिवॉट. काय करावं?

कर्नलकाका: तुमच्याच आकड्यांवर हिशेब मांडू. एक बूट म्हणजे 1.2 × 40 = 48 ज्यूल. 15 मिनिटं सस्पेंड म्हणजे 0.03 × 900 = 27 ज्यूल. आजच्या घडीला सस्पेंड स्वस्त. पण बूट 10 सेकंदांवर आणलंत, तर 12 ज्यूलमध्ये भागतं. मग आरटीसीच्या (वीज तोडली तरी चालू राहणारं छोटं घड्याळ) अलार्मवर वीज जोडायची आणि काम झालं की पूर्ण तोडायची. मी तरी बूटच्याच मागे लागेन.

बूटचा वेळ मोजायला सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ या कमांडवर विसंबू नका. ते कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू झाल्यापासून मोजतं, त्याआधी चालणाऱ्या यू-बूट या लोडरचा वेळ त्यात धरलेलाच नसतो. सिरीयल केबल जोडून कॉम्प्युटरवर ग्रॅबसिरीयल हा प्रोग्राम चालवा, बोर्डकडून येणाऱ्या प्रत्येक ओळीपुढे वेळ छापून येते. यू-बूट कुणी कळ दाबतंय का म्हणून थांबलेला दिसला, तर बूटडिले (ही थांबायची वेळ) शून्य करा. कर्नलला 'क्वाएट' हा पर्याय द्या, म्हणजे तो केबलवर कमी संदेश छापेल. 115200 बॉडवर (केबलचा वेग) सेकंदाला जेमतेम साडेअकरा हजार अक्षरं जातात, आणि ती बाहेर पडेपर्यंत कर्नल खोळंबतो. सेन्सरचा प्रोग्राम नेटवर्क-ऑनलाइनची (इंटरनेट जोडलं जाण्याची) वाट बघत असेल तर ती अट काढाच. ओलावा मोजायला इंटरनेट कशाला हवं?

बागेतला_नोड: काका, ही अट आमच्या सर्व्हिस फाइलमध्ये आहेच! पण डेटा 4जी मॉडेमवरून जातो, त्याचं काय?

सोलरताई: मॉडेम वेगळ्या स्विचवर घ्या. नेटवर्कवर नोंदणी होईपर्यंत तो भरपूर वीज खातो, त्यामुळे बूट कमी करून वाचवलेलं तिथे जाईल. रीडिंग साठवा, तासातून एकदा पाठवा. पान सलग ओलं राहिलं तरच लगेच. आणि वीज तोडणार असाल तर रूट फाइलसिस्टीम (लिनक्सच्या मूळ फाइल्स) रीड-ओन्ली ठेवा, म्हणजे त्यावर काही लिहिलं जाणार नाही. डेटासाठी वेगळं पार्टिशन करा, वीज तोडण्याआधी सिंक (राहिलेला डेटा लिहून घेणं) आणि अनमाउंट (पार्टिशन सोडवणं) करा. ढगाळ दिवसांची नक्कल म्हणून हे सगळं आधी टेबलावर, पॅनल काढून, नुसत्या बॅटरीवर चालवून बघा, मगच बागेत न्या.